वळणापर्यंत नामूनाना

आमच्या हिर्डोशीत आलेल्या माणसाला नामूनाना एकटं जाऊ देत नाहीत. त्यांच्याच घरी आलेल्याला नव्हे, कुणाच्याही. पाहुणा उठला की नाना वहाणा अडकवतात आणि भोरच्या बाजूचा चढ चढून वळणावरच्या आंब्यापर्यंत त्याला बोळवतात. लाइटचं मीटर बघायला येणारा बिचारा मोटारसायकल ढकलत त्यांच्याबरोबर चालतो. एकदा इलेक्शनच्या उमेदवाराची गाडी नानांनी खिडकीला हात लावून पायी चालीनं नेली. मागं गाड्यांची ही रांग, आणि नाना त्याला नाचणीची लावणी समजावतायत! "पावना येशीपातुर एकला जाऊ नये," एवढंच त्यांचं म्हणणं. लई डोकं खातात, पण माणूस गोड.

यंदा सायकलींची मोठी शर्यत आमच्या दारावरनं जायची ठरली. कोकणातनं निघून, वरंध घाट चढून, दिवस मावळायच्या आत भोर गाठायचं. त्यानिमित्तानं आमचे खड्डे बुजले. सायकल चालवायचा पगार मिळतो, हे नानांना काही पटेना. "शाळंच्या पोरास्नी तर कुनी दिला न्हाई," म्हणाले.

सरपंचांनी बजावलं, रस्त्यावर उतरायचं नाही, कुणाला हात लावून ढकलायचं नाही, नाहीतर तो गडी बाद होईल. नानांचा जीव टांगणीला लागला. एवढी माणसं दारावरनं जाणार आणि एकालाही बोळवायचं नाही, म्हणजे गावाची अब्रू गेली की!

शर्यत आली आणि गेली. सर्रकन. नानांनी वहाणा घालेपर्यंत सगळी झुंड आंब्यापार झाली होती. म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. लोक घरी निघाले.

तेवढ्यात शेवटचा आला. गोरा, काटकुळा, गुडघा सोललेला. चढावर सायकल नुसती डुलत होती. मागच्या गाडीतला माणूस त्याला आत बसायची खूण करत होता. बसला की त्याची शर्यत संपली.

नाना निघाले. रस्त्याच्या कडंनं, मातीतनं. ढकललं असं कुणी म्हणू नये म्हणून दोन्ही हात पाठीमागं बांधून. त्याला नाचणीचं सांगत. काही भानगड नको म्हणून मी मागं मागं. गोऱ्याला अक्षर कळत नव्हतं, पण तो एकदा नानांकडं बघायचा, एकदा पायडल मारायचा. असं करत आंबा आला. पुढं उतार. त्यानं हात वर केला आणि गेला.

नाना तो दिसेनासा होईपर्यंत उभे होते. मी म्हटलं, "नाना, बसला असता गाडीत तर काय बिघडलं असतं?"

"सरूला जीपमधनं भोरच्या दवाखान्यात न्हेली," नाना म्हणाले, "तवा म्या बैलं बांदत हुतो. म्हनलं, सांच्याला येईलच माघारी." मग म्हणाले, "एकलीच गेली रं हितनं."

सरूकाकू त्यांची बायको. ती परत आली नाही, हे गावाला ठाऊक होतं. बैलांचं ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पाहुण्याला सोडून नाना रोज या वळणावरनं एकटेच माघारी येतात. त्या दिवशी मी त्यांना दारापर्यंत सोडलं. चहा झाला. मी उठलो, तर म्हातारा वहाणा शोधायला लागला.

माझं घर त्यांच्या भिंतीला लागून आहे. तरी गेलो आम्ही वळणापर्यंत.