नानांचा दुखरा पाय

आमच्या बदनापुरात कुणी मोटारसायकल थांबवून "नाना, बसा, सोडतो" म्हणालं, की नाना हात वर करून सांगतात, "तुम्ही व्हा फुडं, मी आलोच!" निघालेले असतात कुठं? गोदाकाठी, थोरल्या बहिणीच्या वस्तीवर. पायी!

नाना माझे शेजारी. जिंदगी बस चालवण्यात गेली, अन् निवृत्त झाल्यापासून प्रवासात चाकाचं नाव काढू देत नाहीत. "बसून बसून बूड झिजलं, सुभाष. आता बिलकुल पायी. जल्दी कशाची?" दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत आक्काकडे जातात ते असे. यंदा मलाही ओढलं. माझ्या पोटाकडं बघत म्हणाले, "चल, हवा जास्त झाली तुझ्यात."

अंगातला ड्रायव्हर मात्र गेलेला नाही. वळण आलं की हात बाहेर. शेळ्या आडव्या आल्या की तोंडानं भोंगा. झाडाखाली टेकलो की "चहापाणी, धा मिनिटं!" आणि डोळा लागतो न लागतो तोच मला हलवून उठवणार. तीर्थपुरी मागं पडेपर्यंत माझ्या टाचांना फोड आले होते आणि मी मनातल्या मनात नानांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदी लागली. काठाला गणपत नावाचा मासे धरणारा होडी धुऊन राह्यला होता. आमची चाल बघून त्याला दया आली असावी. म्हणाला, "पाण्यानं सोडतो वस्तीवर. वळसा पडंल, पण निवांत जाऊ."

नाना चक्क घाबरले. "न्हाई, न्हाई! पाय ताजे होतील ना माझे!"

असलं कारण मी जन्मात ऐकलं नव्हतं. "नाना, होडीला चाक आहे का? मग बसा!" म्हणत मी आधी जाऊन बसलो. "आता मला उठवायला क्रेन आणा." नानांचा नाइलाज झाला.

अहाहा, काय सुख होतं! संथ पाणी, कोवळं ऊन, काठाला ऊस. पाण्यात पाय सोडून मी तर एक डुलकीच काढली. नानाही खुलले. गणपतकडून वल्हं मागून घेतलं. समोरून दुसरी होडी आली, तसा त्यांचा उजवा पाय होडीच्या तळाशी ब्रेक शोधायला लागला. "दाबा, नाना, दाबा!" गणपत हसून हसून आडवा झाला.

वस्ती दिसली तसं नानांनी वल्हं गणपतला परत दिलं. उतरले, चार पावलं झपाझप चालले आणि एकदम लंगडायला लागले.

"काय झालं?"

"गप ऱ्हाय," नाना हळूच म्हणाले. "एकदा जीपनं आल्तो. आक्कानं जेवू घातलं अन् म्हणली, गाडी हाय तर उजेडातच जाय बाबा. पायी आलो, पाय दुखला, की आठ-आठ दिवस ठेवून घेती. घरी कोण हाय माझं? पण 'ऱ्हाऊ का' म्हणून तोंडानं म्हणवत न्हाई रे."

मग मीही लंगडलो. माझे फोड तर खरेच होते.

आक्का अंगणातच उभी होती. "आला का माझा पांगळा!" म्हणत तिनं गरम पाणी ओतलं, तेल लावून पाय चोळला. "लई ठणकून राह्यलं गं," म्हणता म्हणता नाना बाजेवर घोरायला लागले.

आक्का हात पुसत माझ्याकडं आली. "होडीतून उतरताना बघितलं मी. ठणठणीत हाय तो."

मी माझे फोड निरखायला लागलो.

"तू बोलू नको बरं त्याला. पोरं गेली शहरात, दिवस खायला उठतो मला. पण 'ऱ्हाय' म्हणलं तर म्हणंल, न्हाई गं, कामं हायेत. दुखऱ्या पायाला तरी थांब म्हणता येतं."

बाजेवरून आवाज आला, "आक्का, उद्या बी ठणकंल वाटतं!"

"ठणकू दे," आक्का डोळे पुसत ओरडली. "जल्दी कशाची?"