शेपटाचा दाखला

कल्याणच्या शाळेतल्या दामोदरमास्तरांनी शनिवारी वर्गात एवढंच सांगितलं, की हजारो पिढ्यांपूर्वी माणसाच्या पूर्वजांना शेपूट होतं. साल १८८४. पितृपक्ष चालू होता, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. रविवारी गावभर झालं, की मास्तरांच्या आजोबांना शेपूट होतं.

मंगळवारी मास्तरांच्या वडिलांचं श्राद्ध. उपाध्ये बाबंभट आले, पण पाटावर बसेनात.

"संकल्पात तीन पिढ्यांची नावं घ्यायची," ते म्हणाले. "त्यात शेपूटवाले कोण?"

"कुणीच नाही हो. ते फार मागचे."

"म्हणजे चौथे?"

रविवारपासून मास्तरांनी हे सतरा जणांना समजावलं होतं. अठराव्यांदा समजावलं. बाबंभटांनी सगळं ऐकून घेतलं आणि लेखी मागितलं. मास्तरांनी लिहून दिलं, 'माझे वडील, आजोबा व पणजोबा यांस शेपूट नव्हते.'

"साक्षीदार?"

वडिलांना आणि आजोबांना पाहिलेले शेजारी निघाले. पणजोबांना पाहिलेला गावात एकच, खाडीवर होडी चालवणारा नव्वदीचा धाकू. त्याला हाताला धरून आणेपर्यंत दुपार कलली. वडे निवले. अंगणात निम्मी आळी जमली.

"शेपूट काय मना दिसली नाय," धाकू आठवून आठवून म्हणाला. "पन म्हातारपनी बी नारलीवर सरसर चढायचं."

आळी एकमेकांकडे बघू लागली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. बाबंभटांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्यांनी कागद पुन्हा वाचला, घडी घालून कनवटीला लावला.

"नारळीवर चढायला शास्त्राची हरकत दिसत नाही," ते म्हणाले आणि पाटावर बसले.

जेवणं उरकल्यावर दोघे ओटीवर भिंतीला टेकून बसले.

"मास्तर, त्या शेपूटवाल्यांत श्राद्धं होती?"

"नव्हती."

"म्हणजे भट नव्हते."

"शाळाही नव्हत्या."

बाबंभटांनी पोटावरून हात फिरवला. "आणि जेवायचे काय?"

"फळं, कंदमुळं. शिकार मिळाली तर तीही कच्चीच. विस्तव नव्हता ना."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मास्तरांच्या पत्नी रखमाबाई पहाटेपासून चुलीपुढे होत्या. त्या दाराआड येऊन उभ्या राहिल्या.

"विस्तवच नव्हता?"

"नव्हता."

"मग पेटवला कुठल्या मेल्यानं?"