नानांची भुई

उन्हं कलली की आमचे शेजारी नाना अंगणात पालथे पडतात आणि जमिनीला गाल लावतात. नवखा माणूस घाबरून पाणी आणायला धावतो. नाना एक डोळा उघडून त्याला गप्प राहायची खूण करतात. ते भुई वर येताना ऐकत असतात.

नाना फौजेत गाड्यांचे मिस्त्री होते. तिथून एकदा दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर, बर्फावर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करायला गेले. वडूजजवळच्या कोरड्या रानातला माणूस, तो एकदम डोंगराएवढ्या बर्फावर उभा राहिला. तिथल्या एका शास्त्रज्ञांनी त्यांना सांगितलं, की एवढ्या ओझ्याखाली खडकसुद्धा दबतो, आणि बर्फ वितळला की सावकाश वर येतो. काही ठिकाणी तर वर आलेली जमीनच उरलेल्या बर्फाला टेकू देते. बाकीचे तिथून फोटो घेऊन आले, नाना एवढंच घेऊन आले.

‘भुईला घाई न्हाई’ हे त्यांचं पालुपद. एकदा मला समजावून सांगायला त्यांनी माझ्या मळलेल्या कणकेत अंगठा रुतवला आणि खळगा भरून येईपर्यंत हात लावू दिला नाही. त्या दिवशी मी शाळेत उपाशी गेले. एका पावसाळ्यात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी विकून झाली आणि त्यांचं दार उंबऱ्याला घासायला लागलं. नानांनी गल्लीभर सांगितलं की वजन गेलं, घराची भुई वर आली. सुतारानं ओलीनं फुगलेलं दार रंधा मारून तासून दिलं, तरी नाना त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघत राहिले.

मला याचं हसू यायचं. पण नानांच्या बायकोमुळे, म्हणजे काकींमुळे, मी फार हसत नसे. नाना फौजेत होते तेव्हा काकींनी लांबच्या विहिरीवरून हंड्यावर हंडे वाहिले. आता दारात नळ आहे, पण काकींची पाठ आणि मान अशी वाकलीय की त्यांना फक्त पायाखालचं दिसतं. लोकांनी खाली वाकून बोललेलं त्यांना आवडत नाही, म्हणून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. त्यांची मान वर यावी, एवढाच नानांचा ध्यास.

मिरजेच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले होते. डॉक्टर म्हणाले, हाडं झिजलीत, आणखी वाकू नये एवढं बघू. नानांनी त्यांना अख्खा दक्षिण ध्रुव ऐकवला. शेवटी म्हणाले, “डोईवरचं वजन उतरलंय आता. भुई येती वर, मग मान का न्हाई यायची?” डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

त्यानंतर बेंदूर, बैलांचा सण, आला. आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. जू वाहून दबलेले बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून चोळतात. नानांचे बैल कधीच विकलेत. मी संध्याकाळी पुरणाची वाटी घेऊन गेले आणि दारातच थबकले. काकी बाजेवर बसल्या होत्या आणि नाना त्यांच्या मानेला हळद-तूप चोळत होते. अंगणात पिवळट उजेड होता.

“मी तिकडल्या बर्फाचं वजन सांगत फिरलो,” नाना म्हणत होते, “आन हिकडं तू हंडं वाह्यलंस.”

“आवं, न्हाई यायची ती वर,” काकी म्हणाल्या. “डाक्टर म्हणलं न्हवं?”

नानांचे हात थांबले. या माणसाची आशा अशी मोडताना मला बघायची नव्हती.

“न्हाई तर न्हाई,” ते म्हणाले. मग पुढे येऊन बाजेसमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी चेहरा वर केला, अगदी काकींच्या नजरेखाली.

काकी बराच वेळ बघत राहिल्या.

“किती वाळलाय तुमी,” त्या म्हणाल्या.