तळहातावरची नावं

टिपणीसकाकांना तुम्ही तुमचं नाव सांगितलंत, की ते आधी डोळे मिटतात. मग म्हणतात, "ऐकू आलं. दिसलं नाही." आणि तुम्ही भांबावून उभे असताना तुमचा हात धरून उताणा करतात आणि तळहातावर बोटाने काहीतरी गिरवायला लागतात.

माझ्यावर हा प्रसंग आला तो आमच्या इमारतीच्या जिन्यात. जर्मनीतल्या येना गावात राहायला येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. माझ्या एका हातात परत करायच्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी होती आणि दुसरा हात या सत्तरीच्या, मफलर गुंडाळलेल्या अनोळखी मराठी माणसाने पकडलेला. मला कुणी असा हात धरलेला खपत नाही. पण ओरडायचं कुठल्या भाषेत, हे ठरेपर्यंत त्यांचं लिहून झालं होतं.

"मेघना ना? जपानीत मेगुना होईल. हे बघा, हे मेगु. म्हणजे कृपा. आणि हे ना. ना म्हणजे पालेभाजी."

"पालेभाजी?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! कृपा आणि पालेभाजी. छान नाव आहे तुमचं. जपून वापरा."

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, वरच्या मजल्यावर एक वेडा राहतो. समीर म्हणाला, भेटलो मी काल, माझ्या नावात एक फळ निघालं. तो खूश होता.

काकांचं म्हणणं असं, की आपल्याकडे नाव नुसतं कानावर पडतं. जपानी आईबाप मात्र उच्चार ठरवला तरी थांबत नाहीत. त्या उच्चाराला चित्रासारखी अक्षरं निवडतात. त्यांना कांजी म्हणतात आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. त्यामुळे 'युकी' अशी हाक मारली, की ओ देणाऱ्या दोन मुलींपैकी एक बर्फ असू शकते आणि दुसरी सुख. कुठली कोण, हे हाकेतून कळत नाही, लिहून दाखवावं लागतं. म्हणून तिथे ओळख होताना माणसं हवेत नाहीतर तळहातावर बोट फिरवतात. आणि मुलींच्या नावात पालेभाजी खरोखरच असते, तिथे कुणी हसत नाही.

हे ऐकून तुमचा समज होईल, की काकांना जपानी येतं. अजिबात येत नाही. एक वाक्यही येत नाही. एकदा बाजारचौकात एक जपानी बाई नकाशा घेऊन त्यांना काहीतरी विचारत होत्या. काकांनी खाणाखुणांनी आधी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी तळहातावर लिहून दाखवलं. काका हरखले, त्यांनी खिशातून भिंग काढून बाईंचा रिकामा तळहात पुन्हा एकदा पाहिला. मग दोघांनी एकमेकांना पाचसहा वेळा वाकून नमस्कार केला. बाईंना कुठे जायचं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

भिंग त्यांच्या खिशात कायम असे. सांगलीहून तरुणपणी ते इथे आले आणि भिंगांच्या कारखान्यात काचा घासण्यातच त्यांची नोकरी सरली. "आल्झो, म्हणजे असं बघा, काच पुसली की माणूस दिसतो, नाव पुसलं की माणसाच्या आईबापांची इच्छा दिसते," असं ते म्हणत. काच पुसायला ते मफलर वापरत. नाव कशाने पुसायचं, ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर लांबलं असतं.

त्यांच्या या वेडाचा उपयोग मात्र व्हायचा. आमचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, कुर्त, बोलावून कधीही यायचा नाही. हीटर थंड पडला की आम्ही फोन करायचो, तो 'या, या', म्हणजे जर्मनमध्ये 'हो, हो' म्हणायचा आणि आम्ही घरात कोट घालून बसायचो. काकांनी एका पुठ्ठ्यावर ब्रशने दोन अक्षरं काढून त्याला दिली. 'कुरु' म्हणजे येणं आणि 'तो' म्हणजे माणूस. कुर्त, येणारा माणूस. त्याने तो पुठ्ठा दारावर लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आमच्या दारात हजर! तेव्हापासून तो न बोलावताही येतो. तो त्रास वेगळा.

आमच्या इथल्या दहाबारा मराठी घरांत मात्र काकांची धास्ती होती. एका जोडप्याने मुलाचं नाव रियांश ठेवलं. काकांनी अर्थ विचारला. बापाने फोन काढला आणि म्हणाला, "विष्णूचं नाव आहे."

"मागच्या वर्षीच्या कियांशचा अर्थ काय होता?"

"तोही विष्णूच."

"इंटरनेटवर विष्णूला फार काम पडतं हो," काका म्हणाले. बाळाची आई दिवसभर घुश्शात होती.

त्याच बारशाला एक गोष्ट झाली आणि ती मला खटकली. मुलाची आत्या खास पुण्याहून आली होती. तिने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' केलं, नाव सांगितलं आणि आम्ही सगळ्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. हसण्याचा नुसता गोंधळ. मी वळून पाहिलं तर काका पानावरून उठून निघून चालले होते. जिलबी तशीच होती. नावाचं एवढं कौतुक असलेल्या माणसाने नाव ठेवतानाच उठून जावं? मला राग आला. म्हाताऱ्याला दुसऱ्याच्या घरचं कौतुक बघवत नाही, असंही मी समीरला बोलले. आता त्या बोलण्याची लाज वाटते.

पुढे एका रविवारी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन वर गेले. त्यांच्या खोलीत मी प्रथमच पाय ठेवत होते. खिडकीत कारखान्यातले टाकाऊ लोलक मांडले होते. बाहेर झाले नावाच्या नदीवरून धुकं वर चढत होतं आणि त्यातून आलेलं जेमतेम ऊन त्या लोलकांतून फुटून भिंतीभर इंद्रधनुष्याचे तुकडे पसरले होते. भिंतीवर कागदच कागद आणि प्रत्येकावर एकेक कांजी. उजेडाचे तुकडे एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकत होते. मी डबा हातात धरून बघत राहिले. तिथे वेळ जरा हळू चालत होता.

टेबलावर एक जाड वही होती. मी उघडली. बाकीच्या कागदांवर नाना नावं होती, पण या वहीत पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकच नाव होतं. वरच्या कोपऱ्यात मराठीत 'रेन' आणि खाली त्या एका उच्चाराची वेगवेगळी अक्षरं, शेजारी मराठीत अर्थ. एक म्हणजे प्रेम. एक म्हणजे पाण्यावरची लहर. एक म्हणजे धातू तापवून शुद्ध करणं. एक बांबूचा पडदा, त्यावर काट मारून लिहिलं होतं, 'नातीचं नाव पडदा कोण ठेवेल?'

"तुम्हाला नात आहे?" मी विचारलं.

काका खिचडीतले दाणे वेचत होते. वेचता वेचताच सांगू लागले.

त्यांचा मुलगा अनिकेत जपानमध्ये नागोयाला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. बायको साओरी, तिथलीच. काकांच्या पत्नी, नलिनीकाकू, गेल्या, तेव्हा साओरीला दिवस गेलेले होते. काकू गेल्यावर चार महिन्यांनी मुलगी झाली.

"मी अनिकेतला सांगून ठेवलं होतं, मुलगी झाली तर नलिनी. दुसरं काही नाही. आणि त्याने फोनवर हे नाव सांगितलं. मी म्हटलं, आईचं नाव ठेवायला लाज वाटली का रे? आणि फोन आपटला. तो काहीतरी बोलत होता. बारसं त्यांनी व्हिडिओवर केलं. मी फोन बंद करून ठेवला."

"मग?"

"मग काही नाही. दिवाळीला बोलतो आम्ही. हवापाणी, ब्लडप्रेशर. मी विचारतो, मूल कसं आहे. तो म्हणतो, बरं आहे."

नंतर सहज म्हणून ते इथल्या संध्याकाळच्या वर्गात कांजी शिकायला गेले. मुलाचा राग होता, पण नातीचं नाव वाचता यावं एवढं वाटत होतंच. तिथे बाईंनी फळ्यावर एक अक्षर काढलं. काकांनी माझा हात ओढून तेच तळहातावर काढलं. "हे वर गवत. खाली ही गाडी. आणि गाडीला कवेत घेणारी ही वाट. मेघना, याचा उच्चार तोच. आणि अर्थ कमळ."

नलिनी म्हणजेही कमळ, हे मला सांगावं लागलं नाही.

"मग विचारा ना अनिकेतला! एका मिनिटाचं काम आहे."

"विचारू आणि काय ऐकू? कमळ नसेल तर माझा राग खरा. आणि असेल तर चार वर्षं मी त्या पोराला उगाच छळलं. दोन्हीकडून मीच मेलो." त्यांनी वही मिटली. "म्हणून मी सगळी अक्षरं गोळा करतो. तोवर काहीच ठरत नाही."

मला तेव्हा जाणवलं, की इतका वेळ बोलूनही त्यांनी तिचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. जगाची नावं तळहातावर काढणारा हा माणूस स्वतःच्या नातीचं नाव तोंडातून काढू शकत नव्हता. मी भांडकुदळ बाई आहे, पण त्या दिवशी भांडले नाही. डबा तिथेच विसरून खाली आले.

मार्चमध्ये अनिकेतचा निरोप आला. जर्मनीतच झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात तीन महिन्यांचं काम आहे, सगळे आलोय, शनिवारी सकाळी येनाला पोचतो, संध्याकाळी परत. काकांनी तो निरोप मला चार वेळा वाचायला लावला. शनिवारी पहाटेपासून दाढी करून बसले आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर. मला एकट्याला ते जमणार नाही."

येनाच्या त्या स्टेशनचं नाव पाराडीज आहे, म्हणजे स्वर्ग. एरवी काका तिथे निघाले की 'स्वर्गात जाऊन येतो' असं सांगून जात आणि स्वतःच हसत. त्या दिवशी हसले नाहीत. फलाटाला लागून नदीकाठचं गवत, त्यावर धुकं, धुक्यात कुठेतरी बदकं. सगळं अर्धवट झोपेत असल्यासारखं. मग त्या गवतामागून आवाज न करता गाडी आली.

अनिकेत उतरला, मागून साओरी आणि तिचं बोट धरून पिवळ्या टोपीतली चार वर्षांची मुलगी. तिच्या पाठीवरच्या छोट्या सॅकला नावाची पट्टी होती. काका नमस्कार वगैरे सोडून सरळ त्या पट्टीवर वाकले. भिंग लावलं. आणि तसेच वाकलेले राहिले.

"काय झालं?" मी कानात विचारलं.

"लहान मुलांसाठीची साधी अक्षरं आहेत," ते पुटपुटले. "नुसता उच्चार. पुन्हा ऐकूच आलं."

मी मनात म्हटलं, आता विचारा. विचारा हो. काका सरळ झाले. भिंग त्यांनी खिशात ठेवून दिलं.

"अनिकेत, नाव छान आहे," ते म्हणाले. "कसंही लिहीत असाल. कुठलंही अक्षर असू दे. छानच आहे. मी तेव्हा चुकलो रे."

अनिकेतने हातातली बॅग खाली ठेवली. तो वडिलांपेक्षा वीतभर उंच होता. मग त्याने काकांचा हात धरला, उताणा केला आणि तळहातावर बोट टेकवलं. वर गवत. खाली गाडी. शेवटी ती लांबलचक वाट, मनगटापर्यंत गेलेली. मला कांजी येत नाही, पण एवढं एक अक्षर येतं.

"बाबा, तुम्ही फोन ठेवलात," तो म्हणाला. "पुढचं वाक्य तेच होतं."

काकांनी मूठ मिटली. मिटलेली मूठ छातीशी धरून ते फलाटावर गुडघ्यांवर बसले, नातीची टोपी जरा वर केली आणि म्हणाले, "आपल्याकडे आत्या नाही. मलाच करायला हवं." तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी 'कुर्र' केलं. मुलगी गुदगुल्यांनी खिदळली. मग ते हळूच, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "रेन."

आणि तसेच बसून राहिले, पाठ वाकवून, कशाची तरी वाट बघत. माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. मी पुढे झाले आणि त्यांच्या पाठीत एक बुक्का घातला.

"जोरात," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चार वर्षं उशीर झालाय."

मी मारत राहिले आणि मीही रडत होते. साओरी डोळे विस्फारून बघत होती. अनिकेतने तिला जपानीत काहीतरी सांगितलं. मग तीही पुढे आली, आधी सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या पाठीवर दोन बोटांनी अगदी हलकी चापट मारली.