हकीकत सातवा मजला सर केल्याची

ऐकणारांनी चित्त स्थिर करावे. थोरांच्या मोहिमा पुष्कळ लिहिल्या गेल्या, परंतु सात मजली इमारतीच्या लिफ्टवर सूनबाईसाहेबांनी जी स्वारी केली ती लिहिणारा कोणी निघाला नाही, सबब जैसी घडली तैसी येथे नमूद केली असे.

सातव्या मजल्यावर सूनबाईंचे सासरे, राजश्री मामंजी, गुडघ्याने जायबंद; आणि तळमजल्यावर त्यांची थोरली बहीण, मातुश्री आक्कासाहेब, कमरेने जायबंद; ऐसे दोन गड. पत्त्यांच्या डावावरून उभयतांनी रोज भांडावे हा कदीम दस्तूर. मग लिफ्ट चालविणारा जुना बोर्ड जळाला आणि दळणवळण तुटले. फोन होता, परंतु आक्कासाहेबांचे म्हणणे ऐसे पडले की फोनवर भांडलेले अंगी लागत नाही, समोरच्याचे पडलेले तोंड दिसावे लागते. मामंजींचे अन्न कमी जाहले, आणि मग ते खिडकीशी बसून दोन्ही बाजूंचे पत्ते एकटेच खेळू लागले, आणि तरीही हरू लागले. ते पाहून सूनबाईंनी मोहिमेचा विडा उचलिला.

सूनबाई लिफ्टची यंत्रे करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी नवा बोर्ड बसविला, तो लिफ्ट चौथ्या मजल्यास जाऊन उभी राहिली आणि पुढे जाईना. कारण बोर्ड विकणाऱ्या कंपनीने इमारत चार मजल्यांचीच धरिली होती. त्यावर बोर्डाच्या लेखी आकाश. ऐशा बोर्डाची सिस्टिम बांधावयाची रीत ऐसी, की सूचनांच्या फाइलींचे थर, ज्यांस लेयर म्हणतात, एकावर एक रचावे, आणि संगणकाने ते सर्व वाचून सिस्टिम उभी करावी, त्यास बिल्ड म्हणतात.

मग कारखान्याचे मोठे साहेब मसलतीस बसले आणि त्यांचा हुकूम जाहला, "कंपनीच्याच लेयरमध्ये घुस, चाराचे सात कर, मोकळी हो."

"साहेब, उद्या कंपनी नवा लेयर पाठवील, आपले सात पुसले जातील, परत चार. मामंजींना परत कोंडू का?"

साहेब उठून चहास गेले.

सबब परमुलखात पाऊल न टाकिता स्वतःचा लेयर उभारावा ऐसे ठरले. सूनबाईंनी नवे फोल्डर केले, आणि त्यात मजल्यांची फाइल कंपनीच्या फाइलीच्याच नावाने लिहून सात मजले मांडिले, आणि आपला लेयर बाकीच्यांच्या पंगतीस बसविला, आणि मग लिफ्टशेजारी खुर्ची टाकून बिल्ड सोडिला. संगणकाचा पंखा रणवाद्यासारखा वाजू लागला. मध्येच एका न मिटलेल्या अवतरणचिन्हाने दगा दिला, त्याचा बंदोबस्त केला, आणि मग बिल्ड बिनतक्रार पार पडला. सूनबाईंनी सिस्टिम बोर्डात भरली आणि बटण दाबिले. लिफ्ट निघाली, आणि चौथ्या मजल्यास जाऊन अदबीने उभी राहिली.

जिन्यातून मामंजींचा आवाज उतरला, "सूनबाई, सातवा वरच्या बाजूला आहे बरं का."

मोठी शिकस्त जाहली. सूनबाईंनी सर्व फाइली पुन्हा तपासिल्या, त्यात खोट नव्हती. मग ध्यानी आले. एकाच नावाची फाइल दोन लेयरांत असली तर शब्द कोणाचा चालावा, यासाठी प्रत्येक लेयरास एक आकडा असतो. ज्याचा आकडा मोठा त्याचा अंमल, जैशी दरबारातील मनसब. कंपनीच्या लेयराची मनसब नऊ. आणि सूनबाईंनी आपल्या हाताने आपल्या लेयरास सहा दिली होती. कंपनीचा लेयर आधीपासूनचा, आपण मागाहून आलेल्या, त्याच्या वरचढ कैसे बसावे, या संकोचाने. यास्तव त्यांचे सात मजले आतल्या आत मूग गिळून बसले होते आणि बिल्डानेही त्याची कोठे तक्रार केली नव्हती.

आक्कासाहेब आपल्या दारातून पाहत होत्या. "काय गं, का हसतेस?"

"काही नाही, आत्याबाई. नम्रपणा नडला."

"तो नडतोच. म्हणून मी कधी केला नाही."

सूनबाईंनी सहा खोडून दहा लिहिले. पुनश्च बिल्ड, पुनश्च बटण. लिफ्ट रिकामी सोडिली, मग पाण्याचे कॅन भरून सोडिली, मेकॅनिकाने ब्रेक पारखिले, आणि पाच, सहा करीत सातवा दिवा लागला, आणि लिफ्ट तळास परतली. सूनबाई फोन काढून मामंजींस वर्दी देतात तो इकडे आक्कासाहेब खुर्चीसह लिफ्टमध्ये शिरल्या होत्या.

"आत्याबाई, मामंजीच खाली येतायत, चप्पल घालून उभे आहेत."

"त्याची चप्पल होईपर्यंत मी पोचते." आणि दार मिटले.

वर दार उघडले तेव्हा मामंजी दाढी करून सज्ज होते. म्हणाले, "मी येतच होतो, आक्का."

"बघितलं तुझं येणं. पत्ते काढ."

मग आक्कासाहेबांनी खुर्ची लिफ्टच्या दारातच मांडिली, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि डाव सुरू जाहला.

येणेप्रमाणे सातवा मजला सर जाहला. पहिल्याच डावात राणी लपविल्याचा आरोप निघाला आणि भांडणाचा आवाज तळापर्यंत स्वच्छ ऐकू आला. लिफ्टचे दार मिटेना, सबब मोहिमेच्या सरदार सूनबाई लॅपटॉप काखेत मारून सातही मजले जिन्याने चढल्या, आणि चौथ्यावर दम खावयास बसल्या असता मामंजी जोराने हसल्याचे त्यांनी ऐकिले. फत्तेची तारीख त्या क्षणाची धरावी.