टीव्हीतली मेंढरं

लग्नाच्या वाढदिवसाला यंदा साडी आणायची नाही, असं सणसरच्या गेणबानं ठरवलं आणि घराचं तिथूनच बिघडलं. त्यानं आणलेली साडी कौसल्या दरवर्षी दुकानात परत करायची. (रंग बघूनच दुकानदार विचारायचा, "गेणबारावांनी निवडली वाटतं?") डेअरीत कारकून झाला म्हणून माणसानं किती अपमान सोसावा? तो बारामतीला गेला आणि टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आला. भेट बायकोला द्यायची आणि खेळायचं आपण, असा त्याचा साधा बेत होता.

बेत पहिल्याच दुपारी फसला. कौसल्यानं रिमोट हातात घेतला तो सोडलाच नाही. गेमसोबत एकच कॅसेट मिळाली होती. तिच्यात आपण लांडगा व्हायचं आणि कुरणात सुटलेली मेंढरं गाठून खायची. मेंढरू खाल्लं की 'टुंई' असा आवाज आणि वर मार्क. सगळी संपली की पुढचं कुरण. कौसल्या दुपारची भांडी उरकून बसायची आणि चहाच्या वेळेपर्यंत दोन-तीन कळप फस्त करायची.

गेणबाच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलं होतं. कळप विकून ऊस लावला त्याला बरीच वर्षं झाली, तरी झोपेत अजून ते मेंढरंच हाकत. टुंई टुंई कसलं वाजतंय म्हणून ते एका रविवारी आतल्या खोलीत आले आणि उभेच राहिले.

"गेणबा, ही काय करती?"

ही म्हणजे कौसल्या. ती समोरच बसली होती. पण सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, अशी घरची रीत. (तिघं एका खोलीत असली तरी बोलणं गेणबामार्फतच व्हायचं. टपालखात्यानं पगार द्यावा अशी नोकरी तो घरात फुकट करत होता.)

"खेळती, आप्पा."

"मेंढरं खाती."

"लांडगा खातोय. ती निस्तं बटण दाबती."

"मग लांडगा हाकलायचं बटण कुटं हाय?"

"तसलं बटण न्हाय ह्यात."

कौसल्यानं पदर पुढं ओढला; नजर मात्र टीव्हीवरच. "अवो, मामंजींस्नी सांगा, खरी न्हाईत ती मेंढरं." नेमकं तेव्हाच टुंई झालं.

"आन् मारल्याचं वर मार्क मिळत्यात?" आप्पा कडाडले. "तिला सांग, ज्या हातानं मेंढरं खाल्ली, त्या हातची भाकर मला नगं!"

त्या रात्री आप्पा शेजारच्या बानूबाईकडं जेवले. बानूबाईला कळलेली बातमी गावाला कळायला वर्तमानपत्र लागत नाही. सकाळी चावडीपाशी लोक गेणबाला विचारत होते, "सूनबाई मेंढरं खाती म्हणं?" दुपारी आप्पांनी बोचकं बांधलं. ते पळसदेवला लेकीकडं, सारजाकडं, निघाले होते. म्हातारा लेकीच्या दारी जेवायला गेला की मुलाचं घर नाक कापल्यासारखं दिसतं. गेणबानं हातापाया पडून गुरुवारपर्यंतची मुदत मागितली.

"देऊन टाक त्यो गेम," असं त्यानं बायकोला म्हणून बघितलं.

"आजवर एकच चांगली वस्तू आणलीसा," कौसल्या म्हणाली, "ती बी परत?"

गेणबा बारामतीच्या दुकानात गेला.

"खेळ बदलून द्या."

"दुसरी कॅसेट घ्या की."

"दुसरी नको, हीच. फक्त मेंढरं खायची थांबवा."

"साहेब, कंपनीनं दिलंय तसंच खेळायचं. कॅसेट उघडली की वॉरंटी गेली."

"ट्रॅक्टरमागं नांगर लावायचा का ट्रॉली, हे कंपनी ठरवती का?"

"उद्या म्हणाल, मालिकेतली सासू बदलून द्या."

"मालिका मी विकत घेतलेली न्हाय. हा खेळ घेतलाय!"

(गेणबाचं काय चुकलं? वस्तू गिऱ्हाइकाची, घर गिऱ्हाइकाचं, रुसलेला बापही गिऱ्हाइकाचाच. मग त्या घरात कोणी कोणाला खायचं, हे कुठल्या तरी परदेशी कारखान्यानं का ठरवावं? खेळणाऱ्याला खेळ बदलायची सोय द्यायला यांच्या बापाचं काय जातं? दुकानदारानं या प्रश्नाला उत्तर म्हणून पंखा बंद केला.)

स्टँडमागं सिद्धूचा कॉम्प्युटर क्लास होता. "कंपनीवाल्यांनी माझ्याकडं शिकायला यावं," असं तो न विचारता सांगायचा. त्यानं कॅसेट उघडली, आतला खेळ कॉम्प्युटरवर घेतला, चित्रांची अदलाबदल केली आणि नवी चिप बसवून दिली. आता लांडग्याच्या जागी मेंढरू होतं आणि मेंढरांच्या जागी लांडगे.

आप्पांनी बोचक्यावर बसून खेळ बघितला.

"मेंढरू लांडगं खातंय."

"व्हय आप्पा. न्याय झाला."

"कसला न्याय? मटण खाणाऱ्या मेंढराला मेंढवाड्यात कोण घेईल? सरक, माझी यष्टी चुकंल."

गेणबा पुन्हा सिद्धूकडं धावला. या वेळी लांडगा पुसून तिथं कुत्रं काढलं. (ते थोडं गाढवासारखं झालं; पण सिद्धूपुढं बोलायची सोय नव्हती.) मेंढरं पुन्हा मेंढरं झाली. गेणबानं आप्पांना समजावलं, "कुत्रं मेंढराला शिवलं की मेंढरू वाड्यात जातं. आत किती गेली त्याचा वरचा आकडा." खेळ आतून तोच होता. लांडगा पूर्वीसारखाच खात होता, फक्त कुत्र्याच्या कातड्यात.

आप्पांनी बारकाईनं बघितलं. "हां. आता खेळ झाला." त्यांनी बोचकं सोडलं. कौसल्यानं गरम भाकरी वाढली. गेणबाच्या जिवात जीव आला.

"थांब," आप्पा म्हणाले, "येवढी आत घालतो, मग बसतो." आणि त्यांनी रिमोट घेतला.

कळप वाड्यात गेल्याशिवाय मेंढपाळ जेवत नाही. आप्पांनी हा नेम पावसापाण्यातही मोडला नव्हता. त्यांनी शेवटचं मेंढरू आत घातलं. टीव्हीनं वाजंत्री वाजवली. आणि नव्या कुरणात पहिल्यापेक्षा जास्त मेंढरं मोकळी उभी राहिली.

"कुणी सोडली रं?"

"खेळच तसा हाय, आप्पा. संपत न्हाय."

"मग मी जेवू कवा?"

"टीव्ही बंद करतो की."

"कळप भाईर ठिवून? लाज वाटत न्हाय?"

भाकरी गार झाली, मग कडक झाली. जिच्यासाठी दुकानदाराशी भांडण केलं, वॉरंटी घालवली, ती भाकरी तशीच ताटात! शेवटी गेणबा म्हणाला, "द्या, मी राखतो. तुमी चार घास खावा."

आप्पांनी पहिला घास मोडायच्या आत गेणबानं कुत्रं कुरणाकडेच्या ओढ्यात बुडवलं. टीव्हीनं रडका सूर काढला आणि अख्खा कळप नाहीसा झाला.

आप्पांनी घास खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी थेट सुनेकडं बघितलं.

"सूनबाई, धर. तुझा हात बसलाय."

"व्हय मामंजी," कौसल्या म्हणाली. "तुमी जेवा निवांत."

त्या दिवशी आप्पा पोटभर जेवले, पळसदेव राहिलं आणि गेणबाची टपालाची नोकरी गेली. तेव्हापासून सासरा आणि सून आळीपाळीनं राखणीला बसू लागले. दोघांपैकी कोणालाच उठायला सवड नसल्यामुळं चुलीपुढं गेणबा बसला.

त्याची पहिली भाकरी आप्पांच्या ताटात पडली. आप्पांनी एक तुकडा मोडला, बराच वेळ चावला आणि टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले,

"सूनबाई, उद्या ही बी त्या सिद्धूकडं धाड. आतनं आसू दे तशीच. वर्नं निस्तं चितार बदललं, तरी घशाखाली उतरंल."