बांगडा आढळतो

एखादा मासा आपल्या किनाऱ्यावर आहे की नाही, हे त्या माशावर सोडून चालत नाही. त्यासाठी कार्यालय लागतं. आमच्या बंदरावर बांगड्याचं कार्यालय आहे. दोन खोल्या, एक अधिकारी आणि भिंतीवर बांगड्याचं हसरं चित्र. (तो नोकरीत कायम आहे.)

अधिकारी नवे होते आणि प्रामाणिक होते. प्रशिक्षणात काहीतरी राहून गेलं असावं. त्यांनी वर कळवून टाकलं, "पाणी तापल्यामुळे बांगडा इथून निघून गेला आहे. बोटींनी उगाच डिझेल जाळू नये." वरून उलट विचारणा आली, "मासा नाही, तर कार्यालय कशाला?" संचालक स्वतः पाहणीला येणार असल्याचंही कळलं.

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "म्हणजे पुन्हा माझ्या भावाकडे राहायचं?"

या प्रश्नाने अधिकाऱ्यांचा शास्त्रीय दृष्टिकोन एकदम व्यापक झाला. ते तडक एका मासेमारी बोटीच्या तांडेलाकडे गेले.

"तांडेल, बांगडा मिळायला हवा."

"मिळेल की! बाजारात रोज येतो, बर्फाच्या गाडीतून."

संचालकांसमोर जाळं ओढलं गेलं आणि त्यात टोपलीभर बांगडे निघाले. संचालकांनी एक उचलला आणि बोटं झटकली.

"केवढा गार हो!"

"खोल पाण्यातला आहे, साहेब," तांडेल म्हणाला.

"आणि डोळे असे का?"

"भेदरलाय. एवढे मोठे साहेब पहिल्यांदाच बघतोय."

संचालक प्रसन्न झाले. बांगड्याचा स्थानिक आढळ शंभर टक्के असल्याचं जाहीर झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंदरातल्या सगळ्या बोटी समुद्रात गेल्या. तांडेलाचीही गेली. ("साहेबांनी छापलंय, म्हणजे असेलही," असं तो घरी सांगून निघाला.) सगळ्या रिकाम्या परतल्या. माणसं कार्यालयासमोर जमली, तेव्हा अधिकाऱ्यांना मान वर करवेना. पण कार्यालयाने सहानुभूतीने विचार केला. मासा तर आहेच. तेव्हा दोष पकडणाऱ्यांचा. आता दर सोमवारी अधिकारी त्यांना बांगडा कसा पकडावा ते शिकवतात. तांडेल पहिल्या बाकावर बसतो आणि अधिकाऱ्यांकडे बघत नाही.

या कामी ज्यांची मदत झाली, त्यांचे आभार मानायला हवेत. बंदरासमोरच्या खानावळीने 'इथलाच, आजचा' अशी पाटी लावली. परवा तुम्ही तिथे जेवलात, काटे ताटाच्या कडेला नीट रचलेत आणि जाणकाराच्या चेहऱ्याने म्हणालात, "बाहेरच्या माशाला ही चव नाही."

ते वाक्य पुरावा म्हणून वर पाठवण्यात आलं आहे.